वजनकाट्यावरचं काडतूस
लेखमाला : नेमबाजीचं विज्ञान — लेखांक ६

नळीतल्या आट्यांमुळे गोळीला फिरकी कशी मिळते, ते मागच्या लेखांकात पाहिलं. पण गोळी आट्यांपर्यंत पोचायच्या आधीच तिच्या प्रवासाचं बरंचसं भवितव्य ठरलेलं असतं, आणि ते ठरतं काडतुसात. जगातले बहुसंख्य नेमबाज काडतूस विकत आणतात, बार उडवतात आणि रिकामी पुंगळी विसरून जातात. अमेरिकेत मात्र हौशी नेमबाजांचा एक मोठा वर्ग त्या पुंगळ्या वेचून घरी नेतो, साफ करतो आणि पुन्हा भरतो. या छंदाला तिथे रीलोडिंग म्हणतात. शस्त्रांचे कायदे कडक असलेल्या देशात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे ऐकून धडकी भरते, आणि ती भीती अनाठायी नाही. तरीही हा छंद नीट समजून घेण्याजोगा आहे. त्याची खरी कमाई पैशांत मोजता येत नाही. ती मोजमापातून मिळणाऱ्या ज्ञानात आहे, आणि या छंदातली सुरक्षितताही त्याच मोजमापावर उभी आहे. ज्याला मोजण्याचा कंटाळा आहे त्याच्या हाती यातून ज्ञानही लागत नाही आणि त्याचा जीवही सुरक्षित राहत नाही, एवढंच या लेखात मांडायचं आहे.

काडतुसाचे भाग चारच : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतली पावडर आणि तोंडाशी बसवलेली गोळी. फायरिंग पिनचा ठोका बसला की प्रायमर पेटतो, त्याची ज्योत पावडरीपर्यंत जाते आणि वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो. प्रायमर, पावडर आणि गोळी एकदाच कामाला येतात. उरते ती पुंगळी. तिचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं असतं. दाबाखाली ते फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटतं, वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब ओसरताच किंचित आकसून सुटं होतं. या लवचिकपणामुळेच पुंगळी पुन्हा वापरता येते. अमेरिकेत हा छंद रुजायला आणखी एक कारण झालं, ते प्रायमरच्या रचनेचं. १८६० च्या दशकात दोन रचना पुढे आल्या. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असतं, त्यामुळे सरळ सळई घालून जुना प्रायमर बाहेर ढकलता येतो. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या रचनेत सहसा दोन बारीक छिद्रं कडेला असतात आणि प्रायमर काढणं जिकिरीचं होतं. पुढे युरोपने मोठ्या प्रमाणावर बर्डनची रचना उचलली आणि अमेरिकेने बॉक्सरची. दुकान शेकडो मैल दूर असलेल्या सीमाप्रदेशातले रानरेड्यांचे शिकारी १८७० च्या दशकातही पुंगळ्या पुन्हा भरतच होते. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी आयडियल ही कंपनी काढून हाती धरायची भरण्याची अवजारं बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कॅलिफोर्नियात आरसीबीएस, आयडाहोत स्पीअर आणि नेब्रास्कात हॉर्नडी अशी नावं उभी राहिली. गरजेतून सुरू झालेलं काम असं छंद झालं.

प्रत्यक्ष काम बघायला गेलं तर संथ आहे. आधी पुंगळी साफ करायची. मग ती पोलादी डायमधून दाबून मापात आणायची, कारण बार उडताना ती फुगलेली असते. याच टप्प्यावर जुना प्रायमर बाहेर पडतो. वारंवार वापराने पुंगळीची मान लांबते. ती मोजून जादा पितळ कापून टाकायचं. नवा प्रायमर बसवायचा, पावडर तोलून ओतायची आणि शेवटी ठरलेल्या खोलीपर्यंत गोळी दाबायची. पावडर तोलण्याचं एकक ग्रेन. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. भरणारे दशांश ग्रेनपर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत, वजन धरतात. एवढ्या बारकाव्याने काय साधतं, याचं उत्तर हजार यार्डांवर मिळतं. .३०८ विंचेस्टर जातीच्या रायफलीतून सेकंदाला सुमारे २,६०० फूट वेगाने निघालेल्या गोळीच्या वेगात २५ फुटांचा फरक पडला, म्हणजे जेमतेम एक टक्का, तरी हजार यार्डांवर ती साधारण वीतभर वर किंवा खाली लागते. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत त्या अंतरावरचं दहा गुणांचं वर्तुळ दहा इंच व्यासाचं असतं आणि त्याच्या आतलं सर्वांत लहान वर्तुळ पाच इंचांचं. नेम अचूक, वारा शांत, हात स्थिर, आणि तरीही गुण हुकतो. कारण दोन काडतुसांचा वेग सारखा नव्हता. भरणारा ज्याच्या मागे असतो तो हा सारखेपणा. आपली गोळी कुणापेक्षा वेगवान असावी असा त्याचा हट्ट नसतो. आपलं विसावं काडतूस पहिल्यासारखंच वागावं एवढंच त्याला हवं असतं.

यावर पहिला आक्षेप पैशांचा. पुंगळी हा काडतुसाचा महागडा भाग, तो पुन्हा वापरला की बचत होणारच, असं सांगून अनेक जण छंदाचं समर्थन करतात. हे समर्थन अर्धंच खरं आहे. प्रेस, डाय, काटा, मोजपट्ट्या यांचा खर्च आधी करावा लागतो, वेळ जातो तो वेगळाच. ९ मिलिमीटर पिस्तुलासारखी काडतुसं कारखान्यांतून इतक्या प्रचंड संख्येने बाहेर पडतात की घरी भरून फारसं काही वाचत नाही. मोठ्या किंवा दुर्मीळ जातीच्या रायफलींत मात्र बचत खरी असते. काही जुन्या बंदुका तर घरच्या भरणीवरच जिवंत आहेत. १८६० च्या दशकात ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या आणि पुढे हिंदुस्थानातही आलेल्या स्नायडर रायफलीचं .५७७ काडतूस आज सहजी मिळत नाही. हौशी लोक २४ गेजच्या पितळी शॉटगन पुंगळ्यांना आकार देऊन ते घडवतात. पण सर्वसाधारण नेमबाजाचा अनुभव असा की प्रत्येक काडतूस स्वस्त पडलं तरी सराव वाढतो आणि खर्चाची बेरीज जवळपास तेवढीच राहते. म्हणून बचतीच्या आशेने या वाटेला जाऊ नये. त्यातून घाई येते, आणि घाई इथे घातक आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज कारखान्यांतून येणारी स्पर्धेची काडतुसं उत्कृष्ट असतात; मग घरातला माणूस त्यांच्याहून सरस काय करणार? कारखान्याशी बरोबरी करणं हा इथे मुद्दाच नाही. कारखान्याला एकच काडतूस लाखो रायफलींत बसवायचं असतं, त्यामुळे त्याला मापात सैलपणा ठेवावाच लागतो. घरी भरणाऱ्यापुढे एकच रायफल असते. तिच्या चेंबरच्या आकाराची झालेली पुंगळी तो पूर्ण न दाबता खांद्याशी, म्हणजे मानेखालच्या उतारापाशी, एक-दोन हजारांश इंच मागे सरकवतो आणि गोळी त्या नळीला मानवेल अशा खोलीवर बसवतो. तयार कपडे आणि अंगावर माप घेऊन शिवलेले कपडे यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. प्रत्येक नळीची स्वतःची आवड असते याचा पुरावा हवा असेल तर तो घरी भरताच न येणाऱ्या काडतुसात सापडतो, आणि तो महाराष्ट्राच्या जवळचा आहे. ऑलिंपिकमधल्या ५० मीटर रायफल स्पर्धेत .२२ जातीचं काडतूस वापरतात. त्याचं पेट घेणारं रसायन पुंगळीच्या कडेच्या पोकळीत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कडच चेपते; त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरणं व्यवहारात शक्य नसतं. २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचं सुवर्ण जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्यातले स्वप्नील कुसाळे यांचा क्रीडाप्रकार हाच. तिथे दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. या पातळीवर काडतूस बदलता येत नाही, म्हणून निवडावं लागतं. जर्मनीतल्या शोनेबेक इथे लापुआच्या केंद्रात नेमबाजाची रायफल पक्की बांधून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तोच विकत घेतला जातो. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात. अमेरिकेतला हौशी माणूस टेबलाशी बसून जे साधतो, तेच इथे निवडीने साधलं जातं. दोन्हींमागचं तत्त्व एकच.

तिसरा आक्षेप या छंदाच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे, आणि छंदी लोकांनी तो मनावर घ्यायला हवा. माणूस हवं ते पाहतो. पावडर दोन दशांश ग्रेनने वाढवली, तीन गोळ्या झाडल्या, कागदावर तिन्ही छिद्रं एकमेकांना चिकटलेली दिसली की त्याला वाटतं, गुपित सापडलं. पण तीन गोळ्यांचा पुंजका फारच डळमळीत पुरावा आहे. तीच रायफल, तीच काडतुसं आणि तोच नेमबाज असतानाही तीन-तीन गोळ्यांचे पुंजके निव्वळ योगायोगाने एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट आकाराचे येऊ शकतात. त्यातला लहान कागद जपून ठेवायचा आणि मोठा ‘हात हलला’ म्हणून फेकून द्यायचा, ही स्वतःची फसवणूक आहे. पण याचा इलाज याच छंदाच्या पोटात आहे. वेग मोजणारं उपकरण आता हौशी माणसाच्या आवाक्यात आलं आहे. वीस-तीस बारांचे वेग, पावडरीचा लॉट, तापमान, पुंगळी कितव्यांदा भरली, हे सगळं वहीत उतरवलं तर समजूत आणि सत्य वेगळं करता येतं. या छंदातून ज्ञान मिळतं असं मी म्हणतो ते या अर्थाने. नोंदवहीशिवाय भरलेलं काडतूस उडेल, लक्ष्यालाही लागेल. पण ते का लागलं हे भरणाऱ्याला कधीच सांगता येणार नाही.

आता धोका. .३०८ विंचेस्टरसाठी दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड धरलेली आहे, आणि हा दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तयार होतो. अमेरिकेत ही मानकं १९२६ साली स्थापन झालेली सामी ही उत्पादकांची संस्था ठरवते आणि पावडर व गोळ्यांचे उत्पादक त्यांनुसार तपासलेले तक्ते छापतात. तक्त्यातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि वरचा आकडा ओलांडायचा नाही, हा इथला पहिला नियम. पण मोठे अपघात सहसा धाडसातून होत नाहीत. ते लक्ष उडाल्यामुळे होतात. .३८ स्पेशल या रिव्हॉल्वरच्या काडतुसाचं उदाहरण घ्या. १८९८ मध्ये ते काळ्या दारूसाठी बेतलं गेलं. काळी दारू जागा खूप व्यापते, म्हणून पुंगळी लांब ठेवली. आजची पावडर इतकी थोडी लागते की पुंगळी निम्मीही भरत नाही. चुकून एकाच पुंगळीत दोन मापं पडली तर दुसरं माप बाहेर सांडत नाही. ते बेमालूम मावतं. याच्या उलट पावडर पडलीच नाही, तर एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि पुढचा बार नळी फोडू शकतो. म्हणून जाणते लोक भरलेल्या पन्नास पुंगळ्या छिद्रांच्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करतात आणि गोळी बसवण्याआधी विजेरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावून पावडरीची पातळी शेजारच्या पुंगळीशी ताडून पाहतात. टेबलावर एका वेळी पावडरीचा एकच डबा ठेवतात. जुन्या पुंगळीच्या बुडाशेजारी चकचकीत कडं दिसलं तर टोक वाकवलेली तार आत घालून भिंत खरवडून बघतात. तार खाचेत अडकली तर पुंगळी तिथे विरत आली आहे असं समजून ती कायमची बाद करतात.

घरातल्या इतरांचा प्रश्न याहून गंभीर आहे. धूरविरहित पावडर उघड्यावर स्फोट न होता भडकन जळते, पण आग ती आगच. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकानुसार राहत्या घरात २० पौंडांपर्यंत पावडर मूळ डब्यांतच ठेवायची. त्यापुढे ५० पौंडांपर्यंत ठेवायची तर इंचभर जाडीच्या भिंतींची लाकडी पेटी लागते. प्रायमरची मर्यादा १०,००० नगांची. शिसं मात्र डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि वापरलेल्या पुंगळ्या घासताना त्याची धूळ उडते. लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नसते. तेव्हा हे काम स्वयंपाकघरात करू नये, काम करताना खाऊ-पिऊ नये, उठताना हात धुवावेत, आणि मुलं वावरतात त्या खोलीत हे टेबल असूच नये. ज्याच्या घरी इतकी जागा नाही त्याने दुकानातलं काडतूस वापरावं. त्यात काही कमीपणा नाही.

उरला कायद्याचा प्रश्न. अमेरिकेत संघीय कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायचं तर उत्पादकाचा परवाना लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याचं उत्पादन परवान्याशिवाय निषिद्ध केलं आहे, त्यामुळे घरी बसून हे करणं आपल्याकडे गुन्हा ठरतो. ही मुभा आपल्याकडेही असावी असं मी म्हणत नाही. तिथली मुभा तिथल्या समाजाने, तिच्या सगळ्या परिणामांसह, स्वीकारलेली आहे आणि त्यावर तिथेही तीव्र मतभेद आहेत. पण या छंदातून घेण्यासारखं जे आहे त्याला परवाना लागत नाही. आपल्या साधनात काय चाललं आहे ते मोजावं, मोजलेलं लिहावं, एका चांगल्या निकालावर भुलू नये आणि तपासलेली मर्यादा आपल्या हुशारीवर भरवसा ठेवून ओलांडू नये. कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या रेंजवर .२२ चं नवं खोकं उघडणाऱ्या मुला-मुलींनीही खोक्यावरचा लॉट क्रमांक आणि त्या दिवसाचे गुण वहीत उतरवायला सुरुवात केली, तर काडतुसाला हात न लावताही त्याचं बहुतेक विज्ञान त्यांच्या हाती येईल. नळीतून बाहेर पडल्यावर हीच गोळी वाऱ्याच्या ताब्यात जाते. तो वारा वाचायचा कसा, ते पुढच्या लेखांकात पाहू.