पडद्यावरची आई आणि जुने शहर

४ जून २०२३ रोजी, रविवारी सायंकाळी, सुलोचना लाटकर यांचे मुंबईत निधन झाले. चौऱ्याण्णव वर्षांचे दीर्घ आणि कृतार्थ आयुष्य त्यांना लाभले होते. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. पद्मश्री आणि महाराष्ट्रभूषण हे दोन्ही सन्मान मिळालेल्या या अभिनेत्रीला राज्याने रीतसर निरोप दिला. परंतु कलावंताला खरा निरोप त्याचे प्रेक्षक देत असतात, आणि तो तोफांच्या सलामीत दिसत नाही. तो घरोघरच्या ओसरीवर, दुपारच्या निवांत वेळी, जुन्या आठवणी निघतात तेव्हा दिसतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात ही वार्ता पोचली तेव्हा ते शहर नुकतेच एका दुखण्यातून उठत होते. बावीस दिवसांपूर्वी, १३ मेच्या रात्री, हरिहरपेठेच्या परिसरात दंगल झाली होती. तीत एकाचा जीव गेला, वाहने जळाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. मोर्णेच्या पश्चिमेला असदगडाच्या आणि राजराजेश्वराच्या आसऱ्याने वाढलेल्या या जुन्या वस्तीत घराला घर लागून आहे. अशा वस्तीत दंगलीनंतर सर्वांत आधी तुटते ते ओसरीवरचे बोलणे. अशा वेळी सर्वांच्या ओळखीच्या एका स्त्रीचे जाणे हे निव्वळ चित्रपटसृष्टीचे वृत्त राहत नाही. ज्या आठवणीवर कोणत्याही एका गल्लीचा हक्क नाही, अशी एक आठवण त्या निमित्ताने वर येते.

जुन्या पिढीतील स्त्रियांना सुलोचनाबाईंच्या चित्रपटांची नावे विचारली, तर ती पटकन सांगता येत नाहीत. कथा मात्र सांगता येतात. ‘ते नाही का, ज्यात ती पोराच्याच घरी भांडी घासते’ अशी खूण सांगितली की समोरच्या बाईला नाव लागत नाही. ती पुढचा प्रसंग सांगू लागते. दगडी पुलावरून मोर्णा ओलांडायची, टिळक रस्त्यावरच्या माणेक टॉकीजसारख्या ठिकाणी शेजारणींच्या सोबतीने बसायचे, पदराने डोळे पुसत परत यायचे आणि आठवडाभर तोच विषय चालवायचा, हा त्या पिढीतल्या बायकांचा वर्षातून दोनचारदाच जमून येणारा विरंगुळा होता. अमरावतीत राजकमल, चित्रा, प्रभात ही टॉकीजची नावे चौकांना चिकटून राहिली आहेत, यावरूनच त्या काळी वऱ्हाडाच्या नगरजीवनात चित्रपटगृहाचे स्थान काय होते याची कल्पना यावी.

वास्तविक सुलोचनाबाईंचा आणि वऱ्हाडाचा जन्माने काही संबंध नव्हता. त्यांचा जन्म ३० जुलै १९२८ चा, बेळगाव जिल्ह्यातील खडकलाट या खेड्यातला. मराठी चित्रपटाची जडणघडण कोल्हापूर-पुण्याची. आणि वऱ्हाड तर १९५६ पर्यंत मध्य प्रांताशी जोडलेला. चित्रपट-वितरणाच्या धंद्यात हा मुलूख आजही ‘सी. पी. बेरार’ या जुन्याच नावाने ओळखला जातो. राजकीय नकाशा बदलला, हिशेबाची वही बदलली नाही. तरीही खडकलाटची ही मुलगी अकोल्याच्या घराघरांत आपली झाली. याचे एक कारण असे असावे की तीही परिघावरूनच आली होती. १९४३ च्या ‘चिमुकला संसार’मध्ये मास्टर विनायकांच्या कंपनीत लहानशी भूमिका करणारी ही मुलगी सीमेवरच्या खेड्यातली बोली घेऊन कोल्हापुरात आली. पुढे भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तिने आपली भाषा घासूनपुसून घेतली. वऱ्हाडी बोलीत वाढून शाळेत वा कचेरीत ‘शुद्ध’ बोलण्याची कसरत करणाऱ्या शिक्षकांना आणि कारकुनांना या परिश्रमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

भालजींच्या ‘सासुरवास’ने १९४६ मध्ये त्या नायिका म्हणून पुढे आल्या. त्यानंतरची एक घटना आज मुद्दाम स्मरावी अशी आहे. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या जाळपोळीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. त्या आगीत ‘मीठभाकर’ हा चित्रपटही जळाला. भालजींनी तो पुन्हा नव्याने उभा केला. ज्या चित्रपटातून सुलोचनाबाई महाराष्ट्राच्या मनात रुजल्या, त्यांपैकी एक अशा रीतीने जमावाच्या आगीतून दुसऱ्यांदा जन्माला आला आहे. आग लावणाऱ्याला एक रात्र पुरते. जळालेले पुन्हा उभे करणाऱ्याला महिनोन् महिने राबावे लागते. हे कोल्हापूरला १९४८ मध्ये कळले, आणि अकोल्याच्या जुन्या शहराला २०२३ मध्ये ते पुन्हा शिकावे लागले.

त्यांच्या निधनानंतर सर्वत्र एकच शब्द उच्चारला गेला : आई. तो खराच होता. परंतु कलावंताला एका शब्दात बसवले की त्याचे काम दिसेनासे होण्याचा धोका असतो. सुलोचनाबाईंची आई ही निव्वळ अश्रू ढाळणारी बाई नव्हती. १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये अमर शेखांच्या जोडीने त्यांनी उभी केलेली कुंभाराची बायको अनेक मुलांचा संसार ओढणारी होती. वाढत्या कुटुंबाचा प्रश्न पत्रके वाटून समजत नव्हता, तो त्या रिकाम्या चुलीपाशी समजला. १९६३ च्या ‘मोलकरीण’मधली आई स्वतःच्या मुलाच्या घरी राबते. १९६४ च्या ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये त्या जिजाबाई झाल्या, आणि १९६८ च्या ‘एकटी’त मुलाला एकटीने वाढवणारी स्त्री झाल्या. या सर्वजणी कष्ट करणाऱ्या आहेत. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत सरकी-कापसाच्या धुळीत दिवस घालवणाऱ्या किंवा चार घरची धुणी करून मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या अकोल्याच्या बायकांना त्यांत आपला चेहरा दिसला असेल, तर त्यात नवल नाही. त्या चित्रपटगृहात रडल्या त्या पडद्यावरच्या दुःखासाठी जेवढ्या, तेवढ्याच ज्या कष्टांना घरात कोणी नाव दिले नव्हते त्यांच्यासाठी.

हिंदी चित्रपटाने मात्र त्यांच्याशी न्याय केला असे म्हणता येणार नाही. १९५९ च्या ‘दिल देके देखो’मध्ये त्या शम्मी कपूर यांच्या आई झाल्या तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकतीस होते आणि शम्मी कपूर त्यांच्याहून फक्त तीन वर्षांनी लहान होते. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये त्यांचा मुलगा झालेले देव आनंद तर त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे होते. नायक पन्नाशीकडे झुकला तरी नायकच राहतो आणि अभिनेत्रीच्या केसांना तिशीतच पांढरा रंग फासला जातो, ही त्या धंद्याची रीत होती आणि ती पुरती गेली आहे असेही नाही. सुलोचनाबाईंनी या रीतीविरुद्ध आरडाओरडा केला नाही. त्यांनी त्या पांढऱ्या केसांखाली एक जिवंत माणूस उभा केला. म्हणूनच ज्या घरांत मराठी चित्रपट कधी पाहिला गेला नाही, अशा जुन्या शहरातील उर्दूभाषक घरांतही त्या ओळखीच्या झाल्या. पुलापलीकडच्या टॉकीजमध्ये ‘कटी पतंग’ किंवा ‘मजबूर’ पाहायला येणारी माणसे कोणत्या गल्लीतून आली, हे तिकीट फाडणारा विचारीत नसे.

या सर्व भूमिकांत एक भूमिका अशी आहे की जी ‘आई’ या शब्दाचीच परीक्षा घेते. ती म्हणजे बिमल रॉय यांच्या १९५९ च्या ‘सुजाता’तील चारू. बंगाली दिग्दर्शकाच्या या चित्रपटात नूतन, शशिकला, ललिता पवार आणि सुलोचना अशा चार मराठी अभिनेत्री एकत्र आल्या होत्या, ही गोष्टही आपल्याकडे फारशी आठवली जात नाही. एका सुखवस्तू इंजिनियरच्या घरी पटकीने आईबाप गेलेली एक अस्पृश्य मुलगी वाढते. चारू तिला खाऊपिऊ घालते, छळत नाही, घालवूनही देत नाही. परंतु लोकांशी ओळख करून देताना ती सुजाताला ‘मुलगी’ म्हणत नाही, ‘मुलीसारखी’ म्हणते. सबंध चित्रपट या एका ‘सारखी’भोवती उभा आहे. पुढे चारूला रक्ताची गरज पडते, आणि जुळते ते सुजाताचे रक्त. तेव्हा कुठे तो शब्द गळून पडतो.

चारू ही खलनायिका असती तर प्रेक्षकाला सोपे झाले असते. तिच्यावर रागावून तो मोकळा झाला असता. सुलोचनाबाईंनी तिला भली बाई म्हणून उभी केली, आणि तेथेच प्रेक्षकाची पंचाईत झाली. भल्या माणसाच्या मनातही एक रेघ असते, ती त्याला स्वतःलाही दिसत नाही, हे त्यांनी एकही शब्द चढ्या आवाजात न बोलता दाखवून दिले. वऱ्हाडाला हा प्रश्न परका नव्हता. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी १९२७ मध्ये सत्याग्रहाचे आंदोलन उभे राहिले होते. ‘सुजाता’ येण्याच्या तीनच वर्षे आधी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली होती. केवळ दुसऱ्याच्या उपकारावर आणि रक्तदानावर माणुसकी सिद्ध व्हावी का, असा आक्षेप या चित्रपटावर घेता येईल आणि तो रास्तच ठरेल. ज्यांना माणूस म्हणून हक्क हवा होता, त्यांनी रक्त देऊन तो का मिळवावा? परंतु हा आक्षेपही चारूचा चेहरा पाहिल्यावरच मनात उठतो, हे त्या अभिनयाचे यश आहे.

आज जुन्या शहरात हीच भूमिका पुन्हा पाहण्याची वेळ आली आहे असे वाटते. दंगलीनंतर शांतता समित्यांच्या बैठका होतात, एकोप्याची भाषणे होतात. त्या भाषणांत शेजारी हा ‘भावासारखा’ असतो. परंतु सणाला ताट पाठवणे थांबलेले असते, मुलांनी कोणत्या गल्लीत खेळायचे हे ठरून गेलेले असते, घर भाड्याने देताना आडनाव विचारले जात असते. कोणी कोणाचा छळ करीत नाही, पण ते ‘सारखा’ काही जात नाही. चारूप्रमाणेच ही सारी भली माणसे असतात. संचारबंदी उठवणे प्रशासनाच्या हाती असते. मनातली ही रेघ पुसणे त्याच्या हाती नसते. ते काम शाळा, वाचनालये, नाटके आणि चित्रपट यांनीच हळूहळू करायचे असते.

म्हणून सुलोचनाबाईंचे स्मरण हार घातलेल्या छायाचित्रापाशी थांबू नये. त्यांचे चित्रपट पाहिले गेले पाहिजेत, आणि ते पाहता यावेत म्हणून आधी ते टिकले पाहिजेत. या बाबतीत आपला इतिहास लाजिरवाणा आहे. मूकपटांच्या काळात भारतात १,३०० हून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले आज जेमतेम तीसएक हाती उरले आहेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ याची एकही प्रत शिल्लक नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते बरेच उशिरा. आणि २००३ च्या जानेवारीत तेथील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून मोलाचा ठेवा नष्ट झाला. कागदावरचे पुस्तक शंभर वर्षे कपाटात राहू शकते. फिल्मला थंडावा, कोरडेपणा आणि सतत निगराणी लागते. उष्म्याने, दमटपणाने आणि दुर्लक्षाने ती आंबते, आक्रसते, चिकटून बसते. मराठी कृष्णधवल चित्रपटांच्या जतनाकडे शासनाने आणि निर्मात्यांच्या वारसांनी आताच लक्ष दिले नाही, तर पुढच्या पिढीला सुलोचनाबाई फक्त नावाने ठाऊक राहतील. त्यातही घोटाळा आहेच. डिसेंबर २०२२ मध्ये लावणीगायिका सुलोचना चव्हाण गेल्या आणि सहा महिन्यांत सुलोचना लाटकर गेल्या. मूकपटांच्या काळातील तिसऱ्या सुलोचना, रूबी मायर्स, त्या तर १९८३ मध्येच गेल्या होत्या. काम डोळ्यांसमोर नसेल तर या तिघींची चरित्रे एकमेकींत मिसळून जाण्यास वेळ लागणार नाही.

जे जपले गेले आहे ते दाखवणे तर स्थानिक पातळीवर सहज शक्य आहे. अकोल्यात प्रमिलाताई ओक सभागृह आहे, महाविद्यालये आहेत, शाळांतून पडदा आणि प्रक्षेपकही आलेले आहेत. वर्षातून एकदा ‘प्रपंच’, ‘मोलकरीण’ आणि ‘सुजाता’ यांचे खेळ लावून त्यांवर विद्यार्थ्यांनी आणि आजीच्या वयाच्या प्रेक्षकांनी एकत्र बसून बोलावे, यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. कथा ज्यांना पाठ आहेत त्या बायका अजून आहेत. ज्यांना त्या ठाऊकच नाहीत अशी मुलेही त्यांच्याच घरात आहेत. शिक्षकांनी मनावर घेतले तर या दोघांची गाठ घालून देणे कठीण नाही. खेळाला दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतून माणसे आली, शेजारी बसली आणि तोच प्रसंग पाहून दोघींचेही डोळे ओले झाले, तर त्याने दंगली कायमच्या थांबतील असा भाबडा दावा कोणी करू नये. पण ओसरीवरचे तुटलेले बोलणे सुरू व्हायला निमित्त लागते, आणि हे निमित्त वाईट नाही.

सुलोचनाबाईंना महाराष्ट्राने आई म्हटले, आणि ते म्हणताना ‘आईसारखी’ असे कोणी म्हटले नाही. परक्या मुलखातील, परक्या बोलीच्या, ना नात्याच्या ना गोत्याच्या एका स्त्रीच्या बाबतीत जुन्या शहराला हे सहज जमले. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या बाबतीतही ते जमायला हरकत नसावी.