संध्याकाळचं पुरळ

सकाळी अकराच्या ओपीडीत रुग्णाच्या अंगावर काहीच दिसत नाही. ना ताप, ना पुरळ. घरचे मात्र काकुळतीला येऊन सांगतात, "डॉक्टर, रोज संध्याकाळी फणफणतो हो. पोटावर, दंडावर लाल उठतं आणि ताप उतरला की जातं." मुरलेला संधिवाततज्ज्ञ अशा वेळी घरच्यांनाच कामाला लावतो : पुरळ उठलं की मोबाइलवर फोटो काढा, ताप मोजा, वेळ लिहून ठेवा.

प्रौढांमधला स्टिल्स आजार बऱ्याचदा असा हाती लागतो. जॉर्ज स्टिल यांनी १८९७मध्ये लहान मुलांतल्या संधिवाताचं वर्णन केलं. एरिक बायवॉटर्स यांनी १९७१मध्ये १४ प्रौढांत तेच चित्र दाखवलं. पुस्तकांत हे पुरळ सामन माशासारखं गुलाबी असतं. सावळ्या कातडीवर, ट्यूबलाइटखाली, ते गुलाबी कुठलं दिसायला! फिकट तांबूस, नाहीतर नुसतंच काळपट.

त्यातून या आजाराची म्हणून एकच अशी तपासणी नाही. ३९ अंशांचा ताप, घसादुखी, सुजलेली मनगटं आणि गुडघे, वाढलेल्या पांढऱ्या पेशी. हे तर किती आजारांत असतं. मग टायफॉइड, मलेरिया, टीबी, लिम्फोमा अशी एकेक नावं खोडत जायचं. रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, हजारांच्या घरात गेलं की संशय बळावतो, एवढंच. या खोडाखोडीत आठवडे जातात आणि घरच्यांचा धीर सुटतो. पण घाईने स्टेरॉइड दिलं तर लिम्फोमासारखा कॅन्सरच काही काळ झाकला जातो.

निदान पक्कं झालं की प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने बहुतेकदा लवकर आराम पडतो. पुढे ते कमी करता यावं म्हणून मेथोट्रेक्सेट येतं, आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून त्याखाली रेघ ओढायची. तेवढ्याने भागलं नाही, तर दाह पेटवणारे इंटरल्यूकिनचे निरोप अडवणारी इंजेक्शनं आहेत, टॉसिलिझुमॅब त्यांपैकीच. ती देण्याआधी पुन्हा टीबीचा शोध, कारण दबून बसलेला टीबी डोकं वर काढू शकतो.

सगळ्यात फसवा कागद मात्र ईएसआरचा, म्हणजे दाहाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा. ताप हटत नाही, फेरिटिन चढतंय, पेशी घटतायत आणि ईएसआर अचानक उतरलाय. घरच्यांना हायसं वाटतं. डॉक्टरला मात्र दाह हाताबाहेर गेल्याची शंका येते; तो कागद बघून तो आधी आयसीयूत खाट आहे का, ते विचारतो.