शिकवलेला माणूस शेजारी पळवेल?

चार-पाच छोट्या कारखान्यांनी एकत्र येऊन कामगारांना शिकवावं, असं एमआयडीसीतल्या कुठल्याही मालकाला सुचवून पाहा. कल्पना चांगली आहे, असं तो म्हणेल आणि पुढच्याच वाक्यात ती का जमणार नाही हे सांगेल. दरम्यान, नव्या पोराला शिकवायला प्रत्येक शेडमधला सेटर आपलं मशीन थांबवतो, शिकताना बिघडलेले जॉब प्रत्येक जण वेगळे भंगारात टाकतो, अग्निसुरक्षेचा प्रशिक्षक एकाच रस्त्यावर चार वेळा येतो आणि चार वेळा पैसे घेतो. हा खर्च टाळता येण्यासारखा आहे. आडवे येतात ते गैरसमज.

पहिला गैरसमज : कायद्यात हे बसत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 च्या कलम 8 मध्ये अनेक मालकांनी मिळून शिकाऊ उमेदवारांना प्रशिक्षण द्यायला स्पष्ट मुभा आहे. 2014 च्या दुरुस्तीनंतर हे काम मान्यताप्राप्त संस्थेमार्फतही करता येतं. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. सोय खरी हवी आहे ती या छोट्यांनाच, कारण त्यांच्याकडे एक शिकाऊ असतो आणि एका पोरासाठी स्वतंत्र प्रशिक्षक ठेवणं कुणालाच परवडत नाही.

सगळ्यात खोल रुतलेली भीती मात्र वेगळी आहे : आपण शिकवायचं आणि शेजाऱ्यानं माणूस उचलायचा. ही भीती खोटी नाही. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 मध्येच मांडलं होतं की सगळीकडे चालणारं कौशल्य शिकवायला एकटा मालक कचरतो, कारण त्याचा फायदा दुसराही घेऊ शकतो. पण म्हणूनच तर खर्च वाटून घ्यायचा. ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटर लावणं, सीएनसीचा प्रोग्रॅम समजणं ही कौशल्यं सगळ्यांच्याच कामाची आहेत. शेजाऱ्यानंही त्यासाठी पैसे मोजले असतील, तर शिकलेली माणसं त्याच्याकडेही तयार होतात आणि तुमचा माणूस ओढण्याची गरज कमी होते. माणूस पगारासाठी, पाळीच्या वेळेसाठी, मानासाठी जातो. अडाणी ठेवून तो टिकत नाही, आणि टिकला तरी रिजेक्शन वाढवतो.

जर्मनीत तर शिक्षण संपल्यावर शिकाऊ उमेदवाराला बांधून ठेवणारा करार मुळातच रद्दबातल ठरतो. शेवटच्या सहा महिन्यांत केलेला नोकरीचा करार तेवढा अपवाद. तरीही तिथल्या कंपन्या शिकवतात, आणि एकट्याला सगळं शिकवणं जमत नसेल तर अनेक कंपन्यांनी मिळून शिकवण्याची तरतूद 2005 पासून त्यांच्या व्यवसाय-शिक्षण कायद्यातच आहे. अमेरिकेत केंटकी राज्यात टोयोटानं 2010 मध्ये स्थानिक कॉलेजबरोबर सुरू केलेला देखभाल-तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम पुढे इतर कारखान्यांनीही आपलासा केला. आठवड्यातले दोन दिवस वर्गात, तीन दिवस कारखान्यात, अशी त्याची रचना.

आपली गुपितं फुटतील, असंही म्हटलं जातं. पण व्हर्नियर वापरण्यात गुपित कसलं? आपली प्रोसेस, फिक्स्चर, दर आपल्याच शेडमध्ये राहू द्यावेत. प्रथमोपचार, आग, फोर्कलिफ्ट, मोजमाप हे वाटून घ्यावं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कंपन्यांचे परस्पर मदत गट आहेत. अपघातात हे कारखाने एकमेकांच्या मदतीला जातात, त्याची तयारीही मिळून करतात, आणि बाजारात स्पर्धकही राहतात.

आता उलट्या बाजूचा एक गैरसमज : पीपीटी पाठवली की झालं, खर्च शून्य. तसं नाही. विकत घेतलेल्या कोर्सचा परवाना बहुधा ठरावीक माणसांपुरता असतो. कर्मचाऱ्यानं नोकरीत तयार केलेलं साहित्य, वेगळा करार नसेल तर, 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कंपनीच्या मालकीचं असतं. म्हणून ते वाटण्याआधी लेखी संमती घ्यावी. वेळापत्रक सांभाळायला एक जबाबदार माणूस लागतो आणि त्याचा पगार माणशी वाटून द्यावा लागतो.

सुरुवात अग्निसुरक्षा आणि प्रथमोपचारापासून करा. तुमच्या वसाहतीच्या उद्योजक संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, आणि त्याआधी शेजारच्या दोन मालकांशी बोलून घ्या.