गाऱ्हाणे आणि अभिकथन : लोकायुक्तांपुढील एक शब्दभेद

जालना जिल्ह्यातील जांब समर्थसारख्या गावी लाभार्थ्यांची यादी लावताना त्यांचे आधार व बँकखात्याचे क्रमांकही फलकावर झळकले, अशी कल्पना करावी. यादी लावणे कर्तव्यच; परंतु हे क्रमांक वाटसरूंपुढे मांडणे त्या कर्तव्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानल्यापासून हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न उरलेला नाही.

जिल्हा परिषदेच्या सेवकाविरुद्ध लोकायुक्तांकडे जावयाचे, तर आधी शब्द निवडावा लागतो. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमात 'गाऱ्हाणे' व 'अभिकथन' या भिन्न संज्ञा आहेत. गैरकारभारामुळे स्वतःस अन्याय किंवा अवाजवी त्रास झाला, हे गाऱ्हाणे. स्वार्थासाठी अधिकाराचा दुरुपयोग झाला, हे अभिकथन. हलगर्जीपणाने उघडी पडलेली माहिती पहिल्यात मोडते, पैसे घेऊन दिलेली दुसऱ्यात. गाऱ्हाण्यास कृती ठाऊक झाल्यापासून १२ महिन्यांची मुदत आहे. अभिकथनास कृतीच्या दिनांकापासून ३ वर्षांची. व्यवहारातील 'तक्रार' हा शब्द हा भेद पुसून टाकतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ पुनरावृत्ती. कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणाऱ्यास तो आजही परका वाटू नये.

लोकायुक्त शिक्षा देत नाहीत, शिफारस करतात. तीवरील कार्यवाहीने समाधान न झाल्यास राज्यपालांस विशेष अहवाल देता येतो. ही उणीव लहान नव्हे. मात्र चौकशी खाजगीत चालते आणि तक्रारदाराची ओळख जनतेस वा वृत्तपत्रांस कळू दिली जात नाही. ज्याचे खाते एकदा फलकावर लागले आहे, तो अर्ज करण्यापूर्वी बहुधा हेच प्रथम विचारील.