सातपुड्याच्या फेसात काय आहे?

पाऊस स्थिरावला की सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांत, यावल-रावेरच्या वर किंवा शिरपूरकडच्या डोंगरात, दगडांच्या आडोशाला तपकिरी फेस साचतो. गावाखालचा फेस साबणाचाही असेल. जंगलातला मात्र पाचोळ्यातून सुटलेल्या द्रव्यांचा. त्यात पाण्यातल्या बुरशीचे बीजाणू अडकतात. काही चौहाती, काही चंद्रकोरीसारखे वाकलेले.

इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या ओढ्यात कुजणाऱ्या आल्डर झाडाच्या पानांवर बुरशीतज्ज्ञ सी. टी. इंगोल्ड यांना ही बुरशी दिसली. १९४२ मध्ये त्यांनी तिचे वर्णन छापले. आज तिच्या तीनशेहून अधिक जाती ठाऊक आहेत. चार हातांचे काम साधे आहे. वाहत्या पाण्यात गोल बीजाणू पानावरून निसटतो. चौहाती बीजाणूचे तीन हात तिवईसारखे एकदम टेकतात आणि तो तिथेच चिकटतो. मग तंतू पानात शिरतात, विकरांनी पेक्टिन आणि सेल्युलोज सैल करतात, पाण्यातला नायट्रोजनही ओढून घेतात. सागाचे खरबरीत, निकस पान असे मुरल्यावरच पाण्यातल्या किड्यांच्या अळ्यांना गोड लागते, आणि अळ्यांवर मासे जगतात.

झाडे, पक्षी, कीटक यांचे वैविध्य विषुववृत्ताकडे वाढत जाते. ही बुरशी उलट वागते: आतापर्यंतच्या नोंदींत मध्य अक्षांशांवर जाती जास्त, उष्ण कटिबंधात कमी. थंड, प्राणवायूने भरलेले पाणी आणि शरदातली एकगठ्ठा पानगळ हे एक कारण. दुसरे कारण माणसांचे आहे. फेस गोळा करणारे बहुतेक युरोप-अमेरिकेतले. मंगळूर विद्यापीठाच्या के. आर. श्रीधर यांनी सहकाऱ्यांसह पश्चिम घाटाचे ओढे वर्षानुवर्षे तपासले, तेव्हा तिथली यादी लांबत गेली. त्यामुळे नकाशावरची सगळी पोकळी निसर्गाच्या माथी मारू नये, असे मला वाटते.

खानदेशचे गणित तर आणखी वेगळे. युरोपात पान गळते तेव्हा ओढा वाहता असतो. आपल्याकडे साग, अंजन, पळस उन्हाळ्याच्या तोंडावर पाने टाकतात, आणि तेव्हा बरेच नाले आटलेले असतात. पाचोळा कोरड्या पात्रात पावसाची वाट पाहतो. या बुरशीच्या काही जाती काठच्या झाडांच्या मुळांत आणि जमिनीवरच्या पाचोळ्यातही सापडल्या आहेत, म्हणजे कोरड्या महिन्यांत त्यांना आसरा मिळू शकतो.

धोका खाली आहे. डोंगरपायथ्याच्या केळीवर करपा या बुरशीजन्य रोगासाठी बुरशीनाशक फवारतात. ते नाल्यात उतरले तर केळीची बुरशी आणि पाण्यातली बुरशी यांत फरक करत नाही.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. सुकी किंवा अनेर नदीला मिळणारा एखादा नाला निवडा. श्रावण-भाद्रपदात केळीच्या पट्ट्याच्या वर एक आणि खाली एक, असे फेसाचे दोन नमुने घ्या. बीजाणू तिथेच उगवू नयेत म्हणून शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांत थोडे फॉर्मॅलिन घाला. बाटलीवर जागा, तारीख आणि पाण्याचे तापमान लिहायला विसरू नका. पुढचे काम महाविद्यालयातला साधा सूक्ष्मदर्शकही करेल.