चला, गोडावणच्या गावाला!

सेमिस्टर संपलं की ग्रुपवर तीनच नावं पडतात : गोवा, मनाली, नाहीतर अलिबाग. या डिसेंबरात चौथं नाव टाकून बघा, अबू ते जैसलमेर. चौघांत एक भाड्याची गाडी, एक दुर्बीण आणि पहाटे पाचला उठायची तयारी, बस्स. यातली शेवटची अट सगळ्यात अवघड आहे, माहितीये!

राजस्थान म्हटलं की डोळ्यांपुढे वाळू येते, पण आपली सुरुवात डोंगरातून. ट्रेनने अबू रोडला उतरायचं आणि घाट चढायचा. अरवलीतलं गुरुशिखर १,७२२ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही ७६ मीटर जास्त. नक्की तलावावरची गर्दी सोडा आणि गुरुशिखराच्या वाटेवरच्या शेतांच्या कडेला गप्प उभे राहा. नशीब असेल तर हिरव्या मुनियांचा थवा उतरतो. चिमणीपेक्षा लहान, पोट पिवळं, चोच लालभडक आणि कुशीवर झेब्य्रासारखे पट्टे. ही मुनिया जगात फक्त भारतात आढळते. पिंजऱ्यासाठी इतकी पकडली गेली की आता शोधावी लागते. झाडीतून ओळखीची बांग आली तर दचकू नका, तो सह्याद्रीतलाच राखाडी रानकोंबडा आहे. अबू हे त्याच्या मुलखाच्या उत्तरेकडच्या भागात येतं.

घाट उतरून पाली, मग जोधपूर. मिरचीवडा खा, झोपा आणि अंधारातच ओसियाँमार्गे फलोदीच्या दिशेने निघा. कारण सकाळी खीचन गाठायचंय.

खीचन हे छोटंसं गाव. हिवाळ्यात तिथे हजारोंच्या संख्येने करकोचे येतात. स्थानिक लोक त्यांना कुरजां म्हणतात. मध्य आशिया, मंगोलियातून निघून यांतले कित्येक हिमालय ओलांडून येतात आणि गावातल्या 'चुग्गाघरा'त उतरतात. चुग्गा म्हणजे दाणा. कुंपण घातलेल्या मैदानात गावकरी रोज धान्य पसरतात आणि खर्च वर्गणीतून, देणग्यांतून भागतो. आधी आवाज येतो, मग आकाशात रांगा दिसतात, मग मैदान राखाडी होऊन जातं. रील काढायला हात शिवशिवतील. काढा, पण पाच मिनिटं नुसतं ऐका.

या गावाची आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. इथे विजेच्या तारांवर आदळून कुरजां मरायच्या. गावातल्या पक्षिप्रेमींनी थेट कोर्टात जाऊन त्या तारा हटवायला लावल्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा रस्ता तारांखालूनच जातो.

पोखरण सोडलं की पवनचक्क्या सुरू होतात, मग सोलरचे पट्टेच्या पट्टे. आणि त्या सगळ्यांना जोडणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या. याच मुलखात गोडावण राहतो. गोडावण म्हणजे आपला माळढोक, राजस्थानचा राज्यपक्षी. उंची मीटरभर, नराचं वजन १५ किलोपर्यंत, उडणाऱ्या पक्ष्यांतला एक दणकट गडी. पण त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि एवढं वजन घेऊन ऐनवेळी वळता येत नाही. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. जगात उरलेत दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक या जैसलमेर भागात.

इथे खरी पंचाईत आहे. सौरऊर्जा हवीच आहे. क्लायमेट चेंजची पोस्टर्स कॉलेजात आपणच रंगवतो ना! सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये या पट्ट्यातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेत तज्ज्ञांची समिती नेमली. मला विचाराल तर निदान माळढोकांच्या अगदी गाभ्यातल्या जागा आणि तिथली ओरणं तरी सोडायला हवीत. ओरण म्हणजे तिकडची देवराई, फक्त झाडं कमी आणि गवत जास्त. जैसलमेरजवळच्या देगराय ओरणातून तारा जाऊ नयेत म्हणून तिथले पशुपालक स्वतः उभे राहिलेत. कारण ती जमीन त्यांच्या उंटांचीही आहे.

शेवटचा मुक्काम डेझर्ट नॅशनल पार्क, ३,१६२ चौरस किलोमीटर. आत जायला जैसलमेरच्या वन विभागाची परवानगी आधी काढा. सुदासरीला उजाडताच पोचा, गाडीतून उतरू नका, भडक कपडे घालू नका. गिधाडं, चिंकारा, वाळवंटी कोल्हा दिसण्याची शक्यता चांगली. गोडावण दिसेलच असं कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. दिसला तर फोटो टाका, पण लोकेशन नको. सॅमच्या प्रजनन केंद्रात पिल्लं वाढवली जातायत, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. पण ती केंद्रं पर्यटकांसाठी नाहीत, तिथे जाऊन हुज्जत घालू नका.

आणि बजेटच नसेल तर? सोलापूरहून एसटी पकडून नान्नजला जा. १९७९ मध्ये खास माळढोकसाठी जाहीर झालेलं आपलं अभयारण्य तिथे आहे. काळवीट नक्की दिसतील, नशीब जोरावर असेल तर लांडगाही. माळढोक मात्र एखादा तरी दिसला का, हे तिथल्या वनरक्षकालाच विचारा.