तंजावूरचा राजवाडा

तंजावूर शहरात येणारा प्रवासी प्रथम बृहदीश्वराच्या मंदिराकडे वळतो, आणि ते स्वाभाविकच आहे. राजराज चोळाने इसवी सन १०१० मध्ये पूर्ण केलेल्या या मंदिराचे साठ मीटरांहून उंच शिखर दुरूनच नजरेत भरते. त्याच्या तुलनेत, तेथून सुमारे एक किलोमीटर ईशान्येस जुन्या मोठ्या किल्ल्याच्या परिसरात असलेला राजवाडा प्रथमदर्शनी निराशाजनक वाटण्याची शक्यता असते. मंदिर ग्रॅनाइटचे आहे, तर राजवाडा विटा आणि चुन्याचा. मंदिर एका राजाने एका आराखड्यानुसार उभारले. राजवाडा दोन घराण्यांनी, तीन शतकांच्या काळात, गरज पडेल तसा वाढविला. त्यामुळे येथे एका चौकातून दुसऱ्या चौकात जाताना काळाचा क्रम सतत बदलत राहतो. कोणी, कधी आणि कोणत्या परिस्थितीत काय बांधले हे ठाऊक नसेल, तर हा परिसर म्हणजे पडक्या भिंती, कमानी आणि मनोरे यांची केवळ गर्दी वाटते.

ज्या मराठी वाचकाला हा इतिहास ठाऊक आहे त्याला मात्र हा राजवाडा फार निराळा दिसतो. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, तमिळ प्रदेशाच्या ऐन मध्यभागी, सुमारे एकशे ऐंशी वर्षे येथे मराठी ही राजघराण्याची आणि दफ्तराची भाषा होती.

नायकांचे बांधकाम

राजवाड्याची उभारणी सोळाव्या शतकात, विजयनगरच्या साम्राज्याच्या वतीने तंजावूरचा कारभार पाहणाऱ्या नायक घराण्याने सुरू केली. विजयनगरचा ऱ्हास होत गेला तसतसे नायक स्वतंत्र राजे बनले, आणि वाड्याचा विस्तारही त्या मानाने होत गेला. आज आकाशरेषेवर उठून दिसणाऱ्या दोन उंच वास्तूंपैकी एक म्हणजे शस्त्रागाराचा आठ मजली मनोरा. देवळाच्या गोपुरासारखा तो वर निमुळता होत जातो. दुसरी वास्तू म्हणजे कमानींच्या ओळी एकावर एक रचल्यासारखा दिसणारा घंटेचा मनोरा. तमिळमध्ये त्याला 'माडमाळिगै' असे म्हणतात. श्रीरंगम येथील रंगनाथाची पूजा आटोपल्याखेरीज विजयराघव नायक भोजनास बसत नसत आणि त्या मंदिराच्या दिशेने पाहता यावे म्हणून हा मनोरा उभारला गेला, अशी कथा येथे सांगितली जाते. श्रीरंगम येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे. कथेचे मूल्य इतिहास म्हणून कितीही असो, वैष्णव नायकांची निष्ठा कोठे होती हे तिच्यावरून नेमके कळते.

नायकांचा दरबारमहाल आणि त्याच्या लगतचा संगीतमहाल या वास्तूही याच काळातील होत. दरबारमहालात १९५१ मध्ये तंजावूर कलादालन स्थापन करण्यात आले. चोळकालीन धातुमूर्तींचा येथील संग्रह भारतातील उत्कृष्ट संग्रहांपैकी एक आहे. त्यातील तिरुवेंकाडू येथे सापडलेली वृषवाहन शिवाची मूर्ती प्रवाशाने अवश्य पाहावी. ती १०११ मधील, म्हणजे बृहदीश्वराचे मंदिर पूर्ण झाल्यानंतर अवघ्या एका वर्षाने घडविलेली आहे. शिवाचा एक हात नंदीच्या पाठीवर टेकलेला असावा अशा बेताने वाकलेला आहे. नंदी मात्र आता तेथे नाही. तरीही त्या हाताखाली नंदी उभा आहे असा भास होतो. शिरावर सापांनी गुंडाळलेले जटांचे मुंडासे आहे आणि मुद्रेवर अत्यंत निवांत भाव आहे. ज्या राजवाड्यात ही मूर्ती आज उभी आहे तो तिच्यापेक्षा पाच शतकांनी तरुण आहे, ही गोष्ट पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

भोसल्यांचे आगमन

१६७३ मध्ये मदुरेच्या नायकांशी झालेल्या युद्धात विजयराघव नायक मारले गेले आणि तंजावूर मदुरेकरांच्या हाती गेले. विजापूरच्या आदिलशहाने तंजावूरच्या नायक वारसाला गादीवर बसविण्यासाठी शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी भोसले यांना फौजेनिशी पाठविले. व्यंकोजींनी शहर जिंकले. परंतु थोड्याच काळात गादीवर ते स्वतःच बसले. अशा रीतीने १६७५-७६ च्या सुमारास येथे भोसल्यांचे राज्य सुरू झाले.

नव्या राज्यकर्त्यांनी नायकांचा वाडा पाडला नाही. त्यांनी त्यातच वस्ती केली आणि त्यात भर घातली. मराठ्यांचा दरबारमहाल पाहताना ही गोष्ट स्पष्ट होते. रंगविलेले जाड खांब, कमानींवर चुन्यात काढलेली देवदेवतांची रंगीत उठावचित्रे आणि लाकडी छताखालचा सिंहासनाचा चौथरा यांमध्ये तमिळ कारागिरी आणि दख्खनी दरबाराची रीत एकत्र आलेली आढळते. पूर्वेकडील रस्त्याला लागून असलेली 'सर्जा माडी' ही उंच इमारत आणि राजवंशीयांचा 'सदर महाल' ही नावे तर मराठी माणसाला मुद्दाम समजावून सांगण्याची आवश्यकताच नाही.

भाषेच्या बाबतीतही असेच घडले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६८४ पासून १७१२ पर्यंत राज्य केले. त्यांनी तेलुगूमध्ये 'पल्लकी सेवा प्रबंधमु' ही संगीतरचना केली आणि मराठीतही नाटके लिहिली. त्यांच्या 'लक्ष्मीनारायण कल्याण' या नाटकाची गणना मराठीतील आरंभीच्या नाटकांत केली जाते. सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले ते १८४३ मध्ये. मराठी नाटकाचा आरंभ सांगलीस झाला असे शाळेत शिकलेल्या वाचकाला ही दीडशे वर्षांची तफावत विचार करावयास लावणारी आहे. दरबारात संस्कृत, तेलुगू, तमिळ आणि मराठी या चारही भाषांना स्थान होते.

राज्य नसलेला राजा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूरचे राज्य अर्काटचा नवाब आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या कचाट्यात सापडले. १७७३ मध्ये कंपनीच्या मदतीने नवाबाने ते जिंकून घेतले. १७७६ मध्ये ते तुळजाजीराजांना परत मिळाले खरे, पण मोडकळीस आलेले. तुळजाजींनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेला दहा वर्षांचा मुलगा म्हणजेच दुसरे सरफोजी. गादीवर हक्क सांगणारे चुलते अमरसिंह यांच्या कारकिर्दीत या मुलाचा सांभाळ आणि शिक्षण यांकडे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी लक्ष पुरविले. १७९८ मध्ये कंपनीने सरफोजींना गादीवर बसविले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याशी तह केला. या तहान्वये राज्याचा संपूर्ण कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरले ते तंजावूरचा किल्ला, वार्षिक एक लाख होनांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

यानंतर चारच वर्षांनी, १८०३ मध्ये, बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविण्यात आला. राजांचे चिटणीस बाबुराव यांनी त्याची रचना केली. हा मराठीतील सर्वांत विस्तृत शिलालेख समजला जातो. राज्यकारभाराचा अधिकार गेल्यावर हे घराणे कोठून आले आणि त्याने काय केले याची नोंद दगडावर करून ठेवण्याची निकड राजांना वाटली असावी. राजवाडा पाहण्यापूर्वी मंदिरात जाणाऱ्याने या ओळींपाशी थोडा वेळ अवश्य थांबावे.

सैन्य, महसूल आणि न्याय यांपैकी काहीच हाती न उरलेल्या या राजांनी आपली नेमणूक कशावर खर्च केली, याचे उत्तर राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात मिळते. नायकांच्या काळापासून चालत आलेल्या राजग्रंथालयाला सरफोजींनी आजचे स्वरूप दिले. १८२० मध्ये ते काशीयात्रेस निघाले, तेव्हा त्यांनी तेथील घाटांची चित्रे तयार करविली आणि हस्तलिखितेही मिळविली. युरोपातून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन इत्यादी भाषांतील हजारो पुस्तके त्यांनी मागविली. त्यांपैकी अनेकांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू झाला आणि त्यात इसापच्या कथांचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर छापले गेले. मुंबईतील मराठी मुद्रणाने बाळसे धरण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. 'धन्वंतरी महाल' या संस्थेत देशी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचा तौलनिक अभ्यास चाले. डोळ्यांच्या रोग्यांची, रुग्णांच्या नेत्रांच्या रंगीत चित्रांसह ठेवलेली टिपणे आजही ग्रंथालयात आहेत.

नृत्य आणि संगीत यांनाही हाच आश्रय लाभला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे 'तंजावूर चतुष्टय' म्हणून ओळखले जाणारे बंधू याच दरबारात होते. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात जो क्रम रूढ आहे तो प्रामुख्याने त्यांनी घालून दिला.

ग्रंथालय कसे टिकले

सरफोजी १८३२ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी १८५५ मध्ये पुत्रसंततीवाचून मृत्यू पावले. कंपनीने राज्य खालसा केले. एवढेच नव्हे तर राजांच्या खाजगी मालमत्तेवरही जप्ती आणली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी याविरुद्ध दाद मागितली. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्यांच्या बाजूने निकाल लागला. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. सरकारने राज्यसत्ता म्हणून केलेल्या कृत्याची चौकशी कोणतेही न्यायालय करू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता आणि कायद्याच्या अभ्यासात तो पुढे प्रमाण मानला गेला. १८६२ मध्ये सरकारने स्थावर मालमत्ता राण्यांना परत दिली, ती हक्क म्हणून नव्हे, तर कृपा म्हणून.

या सर्व धामधुमीत पोथ्या राजवाड्यातच राहिल्या. न्यायाधीश आणि संस्कृतचे पंडित बर्नेल यांनी त्यांतील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली. ती १८८० मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली आणि या संग्रहाची महती विद्वानांना कळली. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक करण्यात आले. आज तेथे एकोणपन्नास हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत. त्यांपैकी बहुसंख्य संस्कृत असली तरी मराठी हस्तलिखितांची संख्याही सुमारे तीन हजार आहे. ताडपत्रांना कसर लागू नये म्हणून वेखंड, मिरे, लवंग, दालचिनी इत्यादींची पूड आणि कापूर यांच्या पुरचुंड्या पोथ्यांजवळ ठेवण्याची पद्धत येथे आहे. सामान्य प्रवाशाला प्रत्यक्ष पोथ्या हाताळता येत नाहीत. मात्र लगतच्या संग्रहालयात निवडक वस्तू मांडलेल्या आहेत. सचित्र पोथ्या, माणसांचे आणि पशूंचे चेहरे शेजारी शेजारी ठेवून केलेली युरोपीय रेखाटने, आणि दूरच्या चीनमधील शिक्षापद्धतींचा चित्रसंग्रह या गोष्टी तेथे एकाच छताखाली आढळतात. राजांची जिज्ञासा कोठवर पोहोचली होती याची कल्पना त्यांवरून येते.

न वाचलेली गाठोडी

या ग्रंथालयातील एका ठेव्याचा निर्देश मुद्दाम शेवटी केला पाहिजे. राजवाड्याच्या दफ्तरातील मोडी कागदांची सुमारे साडेआठशे गाठोडी येथे आहेत. पुण्याच्या दफ्तरात अशा गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात. त्यांत जमाखर्च आहेत, कारागिरांचे आणि नर्तकींचे वेतन आहे, अन्नछत्रांचे धान्य आहे, औषधांच्या आणि पुस्तकांच्या खरेदीच्या नोंदी आहेत. दरबारमहालाच्या खांबांवरून ज्या गोष्टी कळत नाहीत त्या येथे लिहून ठेवलेल्या आहेत.

परंतु त्या वाचण्यासाठी दोन गोष्टी लागतात, मोडी लिपी आणि मराठी भाषा, आणि दोन्ही जाणणारी माणसे तंजावुरात विरळ झाली आहेत. तमिळनाडूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत 'तंजावरी मराठी' बोलली जाते; पण त्यांतील कित्येकांचे लेखन तमिळ लिपीत चालते. महाराष्ट्रातही मोडी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून गेली. तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने यांतील काही कागद तमिळमध्ये अनुवादित करून प्रसिद्ध केले, ही समाधानाची बाब आहे. तरीही मूळ मराठीतून ते समग्र वाचले जाण्याचे काम बरेच शिल्लक आहे. सरफोजींच्या दफ्तरातील खर्चाचा हिशेब आज तमिळ वाचकाला काही अंशी उपलब्ध आहे, पण ज्या भाषेत तो मांडला गेला त्या भाषेच्या वाचकाला तितकाही सहजासहजी मिळत नाही.

म्हणून महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रवाशाने राजवाड्यासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा. प्रथम मंदिरातील १८०३ चा शिलालेख, मग कलादालन आणि दरबारमहाल, आणि सरतेशेवटी ग्रंथालय, हा क्रम सोयीचा आहे. ज्यांना मोडी वाचता येते, किंवा शिकण्याची तयारी आहे, त्यांना तंजावुरास पुन्हा येण्यास दुसरे निमित्त शोधावे लागणार नाही.